जटायूचा पहिला प्रवासी

काट्यावर चढण्याआधी धोंडू राऊळने चपला काढून बाजूला ठेवल्या.

"असू द्यात हो चपला," शशिकांत म्हणाला. "कंपनी तुम्हाला चपलांसकट नेणार आहे."

"तसा न्हय, सायबानू. धान्याचो काटो ह्यो. पाय कसो लावचो?"

शशिकांत विजयकरने हट्ट सोडला, कारण काटा खरोखरच धान्याचा होता. विमानं अमेरिकन लष्कराने लढाई संपल्यावर टाकून दिलेली, वैमानिक लाहोरकडून आलेला, तिकिटं फोर्टातल्या छापखान्यात छापलेली. पण उतारू आणि सामान तोलायचा काटा तेवढा मस्जिद बंदरच्या एका गुदामातून उसना आणला होता. दसरा असल्यामुळे त्याला झेंडूची माळ घातली होती. तशी ती गिरगावातल्या त्या कचेरीतल्या टाइपरायटरला आणि टेलिफोनलाही घातली होती, त्यामुळे सकाळपासून टेलिफोन कोणी उचलत नव्हतं. धोंडूने काट्याला हात लावून कपाळाला लावला आणि देवळाची पायरी चढावी तसा तो वर चढला.

काटा जेमतेम हलला. शशिकांतने आधी काटा अडकला की काय ते पाहिलं, मग धोंडूकडे पाहिलं आणि आकडा लिहून घेतला.

"झालं. आता सामान."

दारात उभ्या असलेल्या दत्ताराम परबाने बोचकी आत आणायला सुरुवात केली. लालबागच्या चाळीत गावकऱ्यांची जी एक खोली होती, तीत धोंडू आणि दत्ताराम भिंतीला भिंत नव्हे तर पाठीला पाठ लावून झोपत. खोलीतला कोणी गावाला निघाला की बाकीच्या सगळ्यांनी आपापलं काही ना काही त्याच्या हाती द्यायचं, ही तिथली रीत. कोणाच्या बायकोचं लुगडं, कोणाच्या आईची तपकीर, कोणाच्या पोराचे बूट, आणि बूट बसले नाहीत तर परत आणायला पोराच्या पायाच्या मापाची सुतळी. कोणाचंही बोचकं नको म्हणणं म्हणजे गावाशी संबंध तोडणं. आजवर कोणी म्हटलं नव्हतं, कारण आजवर सगळे बोटीने जात होते आणि बोट काही बोलत नव्हती.

"हे काय आहे?" शशिकांतने विचारलं.

"गाव आसा," दत्ताराम म्हणाला. "ह्यां अर्धा. अर्धा भायर व्हिक्टोरिया गाडयेत आसा."

शेवटी बोचकी परत न्यायची ठरली. धोंडूने एकेक बोचकं दत्तारामच्या हातात देताना ज्याचं त्याचं नाव घेतलं आणि प्रत्येकाला "माफ कर म्हणान सांग" असा निरोप दिला. स्वतःजवळ त्याने फक्त एक पिशवी ठेवली. तीत मोसंबी होती. आजाऱ्याला मोसंबी न्यायची असतात, एवढं वैद्यक गिरणगावात सगळ्यांना येत होतं.

आजारी होती ती रखमा, त्याची बायको. पण त्याआधी विमानाचं सांगायला हवं.

कमलाकांत विजयकर हे गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. आजोबा सरकारी कचेरीत मोठे हुद्देदार, वडिलांनी वाडी बांधली, आणि कमलाकांतांनी त्या वाडीचा अर्धा भाग विकून दोन डाकोटा विमानं घेतली. लढाई संपलेली, स्वराज्य आलेलं, हिंदुस्थानात जो तो कुठे ना कुठे जायला निघालेला. आता माणसं उडणार, आणि शेटसावकारांपेक्षा चाकरमानी जास्त उडणार, कारण ते संख्येने जास्त आहेत, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. माणूस मनाचा खरोखर चांगला. कंपनीचं नाव त्यांनी जटायू एअरवेज ठेवलं. जटायूचं पुढे काय झालं ते त्या वेळी कोणाला आठवलं नाही. आठवलं असेल तर सांगायचा धीर झाला नाही.

'बोटीच्या भाड्यात आकाशात!' अशी जाहिरात झळकली. मुंबई ते बेळगाव, आठवड्यातून तीन वेळा. भाडं खरंच कमी होतं. ते कमी राहावं म्हणून खुर्च्यांऐवजी सैनिकांचे कॅनव्हासचे बाक तसेच ठेवले होते, चहाला जादा आकार होता, आणि खिडकीसमोर बसण्याचा आकार बसल्यावर सांगण्यात येणार होता. पण लोक तिकीट काढीनात. विमान साहेबाचं, आपलं नव्हे, असं ज्याला त्याला वाटे. तेव्हा कमलाकांतांचा पुतण्या शशिकांत, जो कंपनीचा मॅनेजर होता, त्याने युक्ती काढली: पहिल्या विमानात एक खराखुरा गिरणी कामगार फुकट बसवायचा आणि त्याचा फोटो छापायचा.

खराखुरा गिरणी कामगार शोधायला तो लालबागला आला, तेव्हा खोलीतल्या माणसांनी त्याला घेरलं.

"पडला तर पैसे परत गावतले?" दत्तारामने विचारलं.

"पडणार कशाला?"

"माज्या आजयेन पण असाच इचारल्यान होता. माडावरसून पडलो तो माजो आजो."

एकाने विचारलं, विमानात विडी ओढता येते का. दुसऱ्याने विचारलं, खाली थुंकलं तर कुठे पडतं. धोंडू कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. तो गिरणीच्या साळखात्यात, जिथे कापड विणतात तिथे, साच्यांना तेल घालायचा. साच्यांच्या खडखडाटात कान कामातून गेल्यामुळे तो कमी बोलायचा आणि हसून वेळ मारून न्यायचा. शेवटी त्याने एकच विचारलं, "बेळगावाक थांबता मा?"

शशिकांतने त्याला तिथल्या तिथे निवडलं. ज्याला फक्त पोचायचं आहे असा एकच माणूस त्या खोलीत होता.

बेळगावहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि सावंतवाडीच्या पुढे वेंगुर्ल्याच्या वाटेवर धोंडूचं गाव. सर्व्हिस मोटारीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. गावात रखमा राहायची. लग्न झाल्यापासून ती तिथे आणि तो लालबागला. संसार व्हायचा तो मे महिन्यात. बाकीचे अकरा महिने ती त्याची शेती, त्याची आई आणि आई गेल्यावर आईची म्हैस सांभाळायची. मुंबईला ती एकदाच आली होती. खोलीतल्या सगळ्या गावकऱ्यांनी आठवडाभर गॅलरीत झोपून तिला जागा करून दिली, तेव्हा ती लाजेने अर्धमेली होऊन चौथ्या दिवशीच परत गेली.

फुकटच्या विमानाचं नक्की झालं तेव्हा धोंडूने कार्ड लिहवून घेतलं, की दसऱ्याला विमानाने येतो. मेऐवजी दसऱ्याला घरी जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. रखमाने ते कार्ड सगळ्या वाडीला वाचून घ्यायला लावलं म्हणतात, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनासुद्धा.

आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी गावचा रामदास बोटीतून उतरला तो थेट खोलीवर आला.

"धोंडूदा, वयनी पडान आसा. ताप उतरणा नाय. पेजेचो घोट घेयत नाय. इचारता इतक्याच, की दसऱ्याक येतले मा?"

मग दत्ताराम म्हणाला, "उद्याची बोट गाठ, धोंड्या."

"उद्याची बोट वेंगुर्ल्याक लागतली दसऱ्याच्या रातीक. विमान दुपारीच पोचता."

"मेल्या, बोट पाण्यार चलता. तिका भाषणा लागणत नाय."

"विमान दुपारी पोचता," धोंडू पुन्हा म्हणाला. त्याच्या म्हणण्यात चूक काहीच नव्हती. बोट आणि विमान शेजारी शेजारी मांडली, की विमान आधी पोचायचं. कोणीही मांडली असती तरी तसंच आलं असतं.

सांताक्रूझला विमानतळावर मांडव होता, सनई होती, आणि अप्पासाहेब होते. अप्पासाहेब म्हणजे उद्घाटनाचे पाहुणे. वेंगुर्ल्याकडचे पुढारी, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेत दुसरे किंवा तिसरे बोलणारे. आज ते पहिले आणि एकटेच होते, आणि त्यांनी ती संधी वाया घालवली नाही.

"मुंबई आणि बेळगाव ही एकाच आईची लेकरं," ते म्हणाले. "दिल्लीला ही लेकरं एकत्र आणायला किती वर्षं लागतील ते दिल्ली जाणे. पण कमलाकांतरावांनी ती आज सकाळी एकत्र आणली!"

टाळ्या पडल्या. धोंडूनेही वाजवल्या. त्याला बेळगाव कोणत्या प्रांतात जाणार याबद्दल मत होतं. खोलीतल्या सगळ्यांना होतं. पण त्या क्षणी त्याला बेळगाव ज्या जागी आहे त्या जागी लवकर मिळालं असतं तरी चाललं असतं. भाषण चालू राहिलं. वैमानिकाने दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा आभाळ पाहिलं.

मग फोटो. धोंडू लग्नातला काळा कोट घालून आला होता. फोटोवाल्याने त्याला शिडीवर उभं केलं आणि शशिकांतला हळूच काही सांगितलं.

"राऊळ, तेवढा कोट काढता का?" शशिकांत म्हणाला.

"कित्याक? बरो आसा कोट."

"बराच आहे. म्हणूनच. कोटात तुम्ही कारकून दिसता. कारकून काय, आम्हाला पुढेमागे मिळतीलच."

धोंडूने कोट काढला. नुसत्या सदऱ्यानिशी उभा राहून त्याने सांगितल्याप्रमाणे एक हात वर केला, आणि सांगायच्या आधीच हसला. फोटो झकास आला असणार हे फोटोवाल्याच्या तोंडावरून दिसत होतं. मग धोंडू आत गेला, कॅनव्हासच्या बाकावर बसला, पट्टा आवळून घेतला आणि मोसंब्यांची पिशवी मांडीवर धरली. समोरच्या वाटोळ्या खिडकीतून त्याला पंखाचा तुकडा दिसत होता. तो पंख इथून थेट बेळगावला जाईल आणि आपणही त्याच्याबरोबर जाऊ, ही गोष्ट त्याला त्या घटकेला पहिल्यांदा खरी वाटली.

मागून अप्पासाहेब चढले. त्यांच्यामागे त्यांच्या सौभाग्यवती, मेहुणे, मेहुण्यांचे व्याही, एक शाहीर आणि शाहिराचा डफ. यांतलं कोणी काट्यावर चढलं नव्हतं. गिरगावात सकाळी सगळे साधे उतारू धान्याच्या काट्यावर तोलून घेतले होते. पण पुढाऱ्याला काट्यावर चढा म्हणायचं कोणी, आणि तेही गळ्यातल्या हारांसकट? ज्यांना तोलायला हवं होतं ते न तोलताच वर गेले.

वैमानिकाने दारातून ती गर्दी पाहिली आणि सांगितलं, विमान जड झालंय, एक माणूस उतरवा, नाहीतर मी उतरतो.

शशिकांत आत आला. त्याने बाकांवरून नजर फिरवली. अप्पासाहेबांना उतरवता येत नव्हतं. त्यांच्या मेहुण्यांना अप्पासाहेबांमुळे आणि व्याह्यांना मेहुण्यांमुळे उतरवता येत नव्हतं. शाहिराला उतरवलं असतं, पण तो वर पोवाडा म्हणणार होता. ज्यांनी तिकिटं काढली होती ते तीन-चार जण तर कंपनीचे अन्नदाते. नजर फिरत फिरत धोंडूपाशी थांबली.

"राऊळ, जरा खाली येता?"

आणखी एक फोटो असेल, असं धोंडूला वाटलं. तो हसतच उठला. कोट बाकावरून उचलून त्याने अंगात न घालता हातावर घेतला, फोटोत नको म्हणून; मोसंब्यांची पिशवी जागा राखायला बाकावर ठेवली, आणि शशिकांतच्या मागून हसतच शिडी उतरला. तो खाली पोचला तशी माणसांनी शिडी मागे ओढली.

दार लागलं. तेव्हासुद्धा तो फोटोवाला कुठे दिसतो का ते पाहत होता.

"सायबानू," तो म्हणाला, "माजी बायल आजारी आसा. माका जावक व्हया."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" शशिकांत कळवळून म्हणाला, आणि तो कळवळा खोटा नव्हता. "मला काय माहीत! मी आपला... बरं, ऐका. गुरुवारच्या विमानात पहिली जागा तुमची. कोणीही येऊ दे, अगदी गव्हर्नर येऊ दे. माझा शब्द."

पंखे फिरू लागले. मांडवाची झालर उडाली, सनईवाल्याची टोपी उडाली, आणि मग विमानही उडालं. धोंडू मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला. मोसंबी तेवढी गेली.

खोलीवर तो दुपार कलल्यावर पोचला. दत्ताराम दारातच होता.

"काय रे? गेलंस नि इलंस पण? धोंड्या, ह्यां विमान लयच बेगीन..."

मग त्याने धोंडूचं तोंड पाहिलं आणि पुढचं गिळलं. दत्तारामने गोष्ट अर्धी सोडल्याचं खोलीतल्या कोणाला आठवत नव्हतं. धोंडूने जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं. एकाने कंपनीला शिवी दिली, तीही अंगात जोर नसल्यासारखी.

त्या दिवशीची बोट सकाळीच गेली होती. दुसऱ्या दिवशीची मिळाली असती; पण ती पोचणार गुरुवारी रात्री, आणि विमान गुरुवारी दुपारी. पुन्हा बोट आणि विमान शेजारी शेजारी मांडली, आणि पुन्हा विमानच आधी पोचलं. या वेळी दत्तारामही "बोट गाठ" म्हणाला नाही. शब्द दिलाय म्हणतो, तर पाळील, असं त्यालाही वाटलं.

बुधवारी फोटो छापून आला. 'गिरणी कामगार आकाशात!' असा मथळा, आणि खाली धोंडू, सदऱ्यावर, हात वर करून, हसतोय. चाळीच्या तळमजल्यावर शेवंतीबायची खानावळ होती; तिने तो अंक आल्यागेल्याला दाखवून दाखवून तेलकट केला. खरी गोष्ट खोलीबाहेर कोणाला माहीत नव्हती. लालबागच्या नाक्यावर न्हाव्याने अर्धी दाढी सोडून धोंडूला हाक मारली.

"अरे, तू परत पण आलास? कसं वाटलं रे वर?"

"बरा वाटला," धोंडू म्हणाला. दाढीचा साबण सुकत असलेला माणूस वाट पाहत होता. एवढी लांब गोष्ट तिथे उभं राहून सांगण्यासारखी नव्हती.

गुरुवारी सकाळी तो गिरगावात कंपनीच्या दारात हजर झाला. शशिकांतने त्याला पाहिलं आणि उठून स्वतःची खुर्ची दिली, त्यावरूनच काय ते समजायला हवं होतं. आजचं विमान रद्द होतं. तिकिटं खपली होती तीन. तीन माणसांसाठी पेट्रोल जाळणं परवडत नाही, शनिवारी नक्की.

"चहा घ्या," शशिकांत म्हणाला. मग घाईने म्हणाला, "कंपनीकडून."

आतल्या खोलीत कमलाकांत विजयकर कोणालातरी मंगळवारच्या उड्डाणाचं वर्णन सांगत होते. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. अप्पासाहेबांनी म्हणे वैमानिकाला गळ घालून विमान किनाऱ्याकिनाऱ्याने न्यायला लावलं, आपल्या गावावर खाली आणून दोन घिरट्या घ्यायला लावल्या. माणसं शेतांतून धावत होती, काय सांगू, मुंग्यांसारखी! धोंडूने चहाचा कप खाली ठेवला. अप्पासाहेबांचं गाव आणि त्याचं गाव यांच्यामध्ये एक ओढा होता.

परत येऊन त्याने उद्याच्या बोटीची तयारी केली. बोचकी पुन्हा गोळा झाली. या वेळी लोक नको नको म्हणत होते, आणि तोच मागून घेत होता.

दिवेलागणीला सगळी खोली आत होती. खालून शेवंतीबायच्या तव्यावर बांगडे पडल्याचा आवाज आणि वास वर येत होता, आणि दारात दगडू उभा राहिला. दगडू रखमाचा धाकटा भाऊ. अंगावर प्रवासाची धूळ, पायांत काही नाही. त्याने धोंडूला पाहिलं आणि उंबऱ्यावर मटकन बसला.

"भावजी! जिते आसात तुमी?"

"दगडू? तू हय खंय?"

"तुमकाच सोधूक इलंय. विमान गेला, पण तुमी येवक नाय. आमका वाटला, विमान फुडे खंय पडला. बेळगावाक गेलंय, थय मोकळो माळ. एक भय्यो राखणेक, तेका कायच म्हायत नाय. तसोच गाडयेत बसलंय."

"आणि रखमा?"

दगडूने मान खाली घातली.

"गेली. दसऱ्याच्या सांजेक."

धोंडू बोचक्यांवर हात ठेवून बसला होता तसाच बसून राहिला. खोलीतल्या कोणीतरी कंदील जरा मोठा केला, आणि मग काय सुचलं कोण जाणे, पुन्हा बारीक केला.

"सकाळपासून एकच म्हणा होती," दगडू खाली बघून सांगू लागला, "माका खळ्यात न्हेवा. बाज भायर काढलाव. दुपारी विमान इला. माडांच्या वरसून, ह्या इतक्या खाली. सगळी वाडी वराडली. तिणा हात वर केल्यान. चार दिस कूस बदलूक येय नाय होती, तिणा हात वर केल्यान, भावजी. म्हटल्यान, 'ते बघ, इले.' मगे सांजपर्यंत वाटेर डोळे. आमी म्हटलाव, अजून कसे येवक नाय? तर तीच आमका समजावी होती. बेळगावसून मोटारीक येळ लागता, म्हणा होती. घाट आसा, म्हणा होती."

त्याने मान वर केली.

"तुमी खंय होतात, भावजी?"

खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं, आणि ते आता द्यावं लागणार हेही कळत होतं.

"घाट बंद होतो," दत्ताराम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघून बोलत होता.

"बेळगावाक बरोबर उतरलो ह्यो. पण घाटात दरड पडलेली. मोटारी सोडी नाय होते. दोन दिस थय माळार बसान काढल्यान. मगे कंपनीन परत आणून सोडल्यान. ती बघ बोचकी, अजून सोडूक पण नाय."

खोलीतली आणखी दोन-चार माणसं "व्हय, व्हय" म्हणाली. नको इतक्या घाईने म्हणाली.

दगडू बुधवारी आंबोलीचा घाट चढूनच बेळगावला आला होता. मोटार कुठे थांबली नव्हती. रस्त्यात दगड नव्हता, माती नव्हती, दरडीचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. त्याने दत्तारामकडे पाहिलं, बोचक्यांकडे पाहिलं, मग आपल्या भावजींकडे पाहिलं. धोंडूची नजर जमिनीवर होती.

"व्हय," दगडू सावकाश म्हणाला. "माका पण वाटेर कोणीतरी सांगला. दरड पडली होती, म्हणान."

मग धोंडू बोलला. त्याचा आवाज साच्यांच्या खडखडाटात बोलतात तसा, जरुरीपेक्षा मोठा निघाला.

"खळ्यात बाज होती. दिसली माका."

"दिसतलीच, भावजी. केदी खाली होता विमान."

"हात वर केल्यान तिणा. मी पण केलंय. मी पण हात वर केलंय, दगडू." तो थांबला. "पण तो तिका दिसलो नसतलो. इवलीशी खिडकी ती."

"दिसलो तिका," दगडू म्हणाला. "म्हटल्यान ती तसा."

दत्ताराम उठला आणि चपला न घालताच जिना उतरून खाली गेला. खानावळीच्या दारात उभं राहून त्याने शेवंतीबायला रखमा गेल्याचं दोन शब्दांत सांगितलं. तिने तव्यावरचे बांगडे कच्चेच काढून टोपलीखाली झाकून ठेवले, तवा उतरवला आणि डाळीला आधण चढवलं. थोड्या वेळाने एकेक करून मंडळी जेवायला बसली आणि तिने सगळ्यांना आमटीभात वाढला. पाळी संपवून उशिरा आलेल्या एका गड्याने ताटाकडे पाहिलं, हवेत राहिलेला बांगड्याचा वास घेतला आणि विचारायला तोंड उघडलं. मग त्याला त्या गावकऱ्यांची रांग दिसली, आणि रांगेच्या टोकाला ताटाला हात न लावता बसलेला धोंडू दिसला. त्याने ताट जवळ ओढलं आणि खाली मान घालून भात कालवायला घेतला.